रांजणात मुरलेली गावरान स्पॅनिश रेड वाईन : चाखायची कशी?

वाईनच्या मोठ्या मातीच्या रांजणाला स्पेनमध्ये ‘तिनाखा’ म्हणतात. ला मांचाचं पठार, वालेन्सियाचा आतला डोंगराळ भाग, पोर्तुगालला लागून असलेलं एस्त्रेमादुरा, माद्रिदच्या दक्षिणेकडची गावं या सगळ्या पट्ट्यात शेतकऱ्याची वाईन तिनाख्यात आंबायची आणि तिथेच मुरायची. ओकच्या पिंपांचा थाट रिओखासारख्या व्यापारी प्रांतांचा. विसाव्या शतकात आधी सिमेंटच्या आणि मग स्टीलच्या टाक्या आल्या, तेव्हा बरेच रांजण फुटले, काही अंगणात शोभेला ठेवले गेले. आता काही वाईनकार त्यांच्याकडे परत वळले आहेत. काही गावांत तर ते कधी थांबलेच नव्हते.

ही वाईन पहिल्यांदा पिणारा माणूस गोंधळतो. व्हॅनिलाचा ओळखीचा वास नसतो, जीभ आवळली जाते, ग्लासाच्या तळाशी साका दिसतो. मग काही जण ‘मातीतली आहे, म्हणजे शुद्धच’ असं म्हणून बिघडलेली वाईनही कौतुकानं पितात, तर काही जण एका घोटात तिला आंबूस आणि ओबडधोबड ठरवून बाजूला सारतात. दोघांचंही नुकसान होतं. खरखरीत पण निरोगी वाईन कोणती आणि दोष असलेली कोणती, हे नाकानं, जिभेनं आणि थोडा वेळ देऊन ओळखता येतं. तेच इथे पायरीपायरीनं सांगतो.

आधी रांजण समजून घ्या

आल्बासेते प्रांतातलं वियारोब्लेदो हे गाव तिनाख्यांसाठी नावाजलेलं आहे. इथला मोठा रांजण चाकावर घडत नाही. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जातो. खालचा थर वरचं वजन पेलण्याइतका सुकला की पुढचा थर. म्हणून एक रांजण उभा राहायला बराच काळ जातो, आणि तो माणसापेक्षा उंचही होऊ शकतो. या कामाची ओळख करून देणारं एक केंद्र गावात आहे. इथल्या हुआन पादिया या कुंभाराचे रांजण उत्तर इटलीतल्या एलिझाबेता फोरादोरी यांच्या तळघरापर्यंत पोचले आणि रांजणातल्या वाईनची चर्चा युरोपभर नव्यानं सुरू व्हायला त्याचा हातभार लागला.

भाजलेली माती सच्छिद्र असते. आपल्या माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, तशी या भिंतीतून हवा अगदी थोडी आत जाते. ही हवा टॅनिनची, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याची, धार हळूहळू बोथट करते. किती हवा जाईल ते माती किती तापमानाला भाजली, भिंत किती जाड आहे आणि आतून अस्तर आहे की नाही यावर ठरतं. जुने लोक आतून पाइनची राळ लावत. मेणाचं अस्तरही वापरतात. भिंत फार सच्छिद्र राहिली, अस्तर नीट लागलं नाही, की वाईन लवकर म्हातारी होते किंवा शिरक्याकडे (व्हिनेगरकडे) झुकते.

लाकडाच्या पिंपात दोन गोष्टी एकदम घडतात. हवा मिळते आणि लाकडाचा स्वादही मिळतो. व्हॅनिला, नारळ, भाजलेला मसाला हे सगळं ओकमधून येतं. रांजण हवा देतो, स्वाद देत नाही. त्यामुळे द्राक्ष चांगलं नसेल, वेलीवर नीट पिकलेलं नसेल, तर ते झाकायला काहीच नसतं. शिवाय रांजणाला कोपरे नाहीत. त्याच्या गोलाव्यामुळे आतला द्रव सावकाश फिरत राहतो, मेलेलं यीस्ट काही प्रमाणात तरंगत राहतं आणि वाईनला थोडं अंग येतं, असं वाईनकार मानतात. रांजण जमिनीत पुरलेला किंवा तळघरात असला, तर उन्हाळ्यातही तापमान फारसं हलत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. बरेच जण घोट घेऊन ओल्या मातीची चव शोधत बसतात. नीट भाजलेला, स्वच्छ ठेवलेला रांजण वाईनला मातीची चव देत नाही. उग्र मातकट, कच्च्या बिटासारखा वास आला, तर तो बहुधा बुरशीमुळे तयार होणाऱ्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि त्याचा उगम अनेकदा कुजक्या द्राक्षांत असतो. रांजणाची खूण चवीपेक्षा स्पर्शात जास्त सापडते. टॅनिनचा बारीक, पिठूळ कण, फळाचा उघडा स्वाद आणि कडांना नसलेली चकाकी या त्या खुणा. मी तरी आधी तिथेच लक्ष देतो.

बाटली निवडताना

लेबलवर ‘तिनाखा’, ‘आन्फोरा’ (हाही रांजणच) किंवा ‘बारो’ (म्हणजे माती) हे शब्द शोधा. पण ‘तिनाखा’ एवढ्यावर विसंबू नका. वाल्देपेन्यास आणि मोन्तिया-मोरिलेस या भागांत विसाव्या शतकात रांजणाच्याच आकाराच्या सिमेंटच्या टाक्या बांधल्या गेल्या, आणि त्यांनाही तिनाखाच म्हणतात. सिमेंटमध्येही उत्तम वाईन होते, फक्त ती वेगळी असते. ‘तिनाखा दे बारो’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर शंका उरत नाही. नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहा.

‘क्रियान्सा’, ‘रेसेर्वा’ हे शब्द दिसले नाहीत म्हणून बाटली कमी दर्जाची समजू नका. स्पेनच्या नियमांनुसार क्रियान्सा म्हणवायला रेड वाईन काही काळ ओकच्या पिंपात ठेवावीच लागते. फक्त रांजणात मुरलेली वाईन कितीही उत्तम असली तरी तिला तो शब्द वापरता येत नाही. म्हणून अशा बाटल्या पुष्कळदा अगदी साध्या लेबलखाली विकल्या जातात.

द्राक्षाची जात पाहिली की काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. उतिएल-रेकेना आणि मांचुएला इथलं बोबाल जाड सालीचं. त्याची वाईन गडद, आंबट आणि टॅनिनची. गावरान रेड म्हणजे काय ते शिकायला बोबालसारखं दुसरं द्राक्ष नाही असं माझं मत. आलिकांते, येक्ला, खुमिया भागातलं मोनास्त्रेल उन्हात पिकलेलं, जड आणि काळ्या फळांचं. गार्नाचा रंगानं फिकी, अंगानं उबदार, लाल फळांची. ला मांचामध्ये तेम्प्रानीयोलाच सेन्सिबेल म्हणतात.

या सगळ्यांत मला विशेष आवडणारं उदाहरण वालेन्सियातल्या मोशेंतजवळचं आहे. सेयेर देल रोउरे ही पाब्लो कालातायुद यांची वायनरी. त्यांच्या जागेत जमिनीखाली जुनं तळघर आहे आणि त्यात पुरलेल्या तिनाख्यांच्या रांगा. त्यांनी ते रांजण पुन्हा कामाला लावले आणि त्याचबरोबर मांदो नावाचं, जवळजवळ विसरलं गेलेलं स्थानिक द्राक्षही परत आणलं. त्यांची ‘पारोतेत’ ही वाईन मांदो आणि आर्कोस या द्राक्षांची. रंगानं हलकी, सुगंधी, पण जिभेवर कणखर. रांजणातली वाईन म्हणजे काळीकुट्ट आणि जड, असं कुणाच्या मनात बसलं असेल, तर त्याला आधी हीच पाजावी.

अगदी गावठी टोकाला एस्त्रेमादुराची ‘पितारा’ आहे. कान्यामेरो, मोन्तान्चेस आणि सिएरा दे गाता भागातल्या गावांत घरोघरी रांजणात केली जाणारी ही वाईन. द्राक्ष चिरडून सालींसकट रांजणात आंबवायची, हिवाळ्यापर्यंत तशीच मुरू द्यायची आणि डुकराच्या मांसाचे वर्षाचे प्रकार घरी तयार होतात त्या दिवसांत प्यायला काढायची. बरीचशी पितारा गावाबाहेर जातच नाही. माद्रिदच्या वाईन प्रदेशात ‘सोब्रेमाद्रे’ नावाचा प्रकार मान्य आहे. त्यात वाईन चिरडलेल्या द्राक्षांबरोबरच ठेवली जाते, जास्तीत जास्त १८० दिवस. तिच्यात आंबवणीचा थोडा गॅस उरतो. ती जिभेला किंचित टोचली तर तो दोष मानू नका.

महाराष्ट्रातल्या दुकानांत या बाटल्या क्वचितच दिसतात. युरोपात राहणाऱ्यांना सहज मिळतील. तिकडे फिरायला जाणाऱ्याला सामानातून आणता येतील. भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. प्रवासानंतर बाटलीला आठवडाभर तरी शांत पडू द्या.

दोन बाटल्या का हव्यात

एकट्या बाटलीवरून रांजण कळत नाही. शेजारी ओकमधली एखादी वाईन ठेवा. रिओखाची साधी क्रियान्सा सगळ्यात सोयीची, कारण तिनं निदान एक वर्ष २२५ लिटरच्या पिंपात घालवलेलं असतं. दोन ग्लासांतून आलटूनपालटून वास घेतला की ओकनं काय घातलं होतं ते लगेच कळतं, आणि ते वजा केल्यावर रांजणाच्या ग्लासात जे उरतं ते द्राक्षाचं. नव्या माणसाला दहा वर्णनं वाचून जे कळत नाही ते या एका तुलनेनं कळतं. द्राक्ष तेच मिळालं, म्हणजे तेम्प्रानीयोसमोर सेन्सिबेल, तर फारच छान.

तयारी

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. यातल्या अनेक वाईन गाळलेल्या नसतात, साका तळाशी बसायला वेळ लागतो.

तापमान महत्त्वाचं, आणि आपल्याकडे इथेच सगळं बिघडतं. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशातल्या दगडी घरांचा. पुण्या-नागपुरातल्या मे महिन्यातल्या खोलीत ३० अंशांवर गेलेल्या वाईनमधून आधी अल्कोहोल उडतं आणि टॅनिन भरकटल्यासारखं वाटतं. या वाईनला १४ ते १६ अंश सेल्सिअस हवेत, जवळपास तिच्या तळघराइतके. उष्ण खोलीतली बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवली की तिथवर येते. घाई असेल तर बर्फ आणि पाणी एकत्र असलेल्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, पाण्यामुळेच बाटली चटकन निवते. फार गार झाली तर टॅनिन आणखी कडक लागतं. तेव्हा ग्लास तळहातांत धरून थांबा.

ग्लास पातळ काचेचा, पोट रुंद आणि तोंड थोडं आत वळलेलं असा. त्याला साबणाचा किंवा कपाटाचा वास नको. खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणी काही नको. जेवणापूर्वीची वेळ बरी. चहा-कॉफी किंवा पान-सुपारी नुकतीच झाली असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्या, कारण सुपारीनं आधीच आवळलेल्या जिभेला वाईनचं टॅनिन मोजता येत नाही. थुंकायला एक भांडं ठेवा. तळघरांत चाखताना थुंकणं हा शिष्टाचाराचाच भाग आहे, आणि चारपाच वाईन नीट चाखायच्या तर दुसरा उपायही नाही.

पहिला ग्लास: डिकँटरला हात लावू नका

बूच काढल्यावर लगेच थोडी वाईन ओता, ग्लासाच्या पाव भागापेक्षाही कमी. ‘गावरान आहे, तिला आधी हवा दाखवा’ असं कुणी म्हणेल. पण उघडताक्षणीच्या स्थितीत बरीच माहिती असते आणि डिकँटर (वाईनला हवा लागावी म्हणून वापरायचं काचेचं भांडं) ती माहिती पुसून टाकतो. ती आधी नोंदवून घ्या.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून पाहा. गढूळपणा आपोआप दोष ठरत नाही. कडेकडे मात्र लक्ष द्या. दोनतीन वर्षांच्या वाईनची कड विटकरी किंवा तपकिरी दिसली, तर तिला रांजणात किंवा बाटलीत प्रमाणाबाहेर हवा लागलेली असू शकते. जुन्या वाईनमध्ये हाच रंग स्वाभाविक. फिका रंग पाहून निराश होऊ नका. गार्नाचा आणि मांदो फिक्याच असतात. शिवाय वाल्देपेन्यासची जुनी पद्धतच अशी होती की पांढऱ्या आयरेन द्राक्षांत थोडी काळी सेन्सिबेल मिसळून हलक्या रंगाची वाईन करायची.

वास दोनदा घ्या. पहिल्यांदा ग्लास न हलवता. या वेळी वर येतं ते सगळ्यात उडतं. काडी विझवल्याचा किंवा किंचित कुजक्या अंड्याचा वास आला तर तूर्त लिहून ठेवा, निकाल देऊ नका. मग ग्लास फिरवून दुसऱ्यांदा. आता फळ शोधा. त्यासाठी ब्लॅकबेरी-रास्पबेरीची परकी यादी पाठ करायची गरज नाही. जांभूळ, करवंद, तुती, डाळिंब, आमसूल, खजूर, सुकं अंजीर हे आपल्या नाकात आधीच बसलेले आहेत. बोबालमध्ये मला पिकलं करवंद आणि त्याचा चीक आठवतो, मोनास्त्रेलमध्ये जांभळाबरोबर सुकं अंजीर. फळामागे काय आहे? सुक्या गवताचा, रोझमेरीचा, ओल्या दगडाचा भास? राळेचा वास आला तर अस्तर राळेचं असण्याची शक्यता आहे. हे सगळं फळाच्या मागे असावं. फळाच्या पुढे दुसरं काही उभं असेल तर सावध व्हा.

तोंडात तीन घोट

पहिला घोट फक्त तोंड तयार करायला. तो थुंका आणि विसरा. लाळेतली प्रथिनं टॅनिनला पहिल्यांदा भिडतात, त्यामुळे पहिल्या घोटावरून काहीच ठरवू नये.

दुसरा घोट तोंडात दहाएक सेकंद घोळवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग थुंका. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या करायच्या, कारण नवख्या माणसाला त्या एकच वाटतात. मान खाली घालून थांबा. जिभेखालून लाळ सुटते का? जितकी जास्त आणि जितका वेळ, तितकी आंबटाई. मग जिभेचा शेंडा टाळूवर आणि हिरड्यांवर घासा. कोरडेपणा, घर्षण जाणवतं ते टॅनिन. शेवटी जिभेच्या मागच्या भागाकडे लक्ष द्या. तिथे कडूपणा रेंगाळतो का? तुरटपणा हा स्पर्श आहे आणि कडूपणा ही चव. गावरान वाईनमध्ये तुरटपणा भरपूर चालेल. कडूपणा फार असेल तर बिया चिरडल्या गेल्या किंवा हिरवे देठ जास्त पडले, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

टॅनिनचा पोतही पाहा. चांगल्या रांजणातलं टॅनिन बारीक आणि सारखं पसरलेलं लागतं, गालांच्या आतल्या बाजूला मऊसर पिठासारखं. गावरान वाईनमध्ये त्याचा कण जाड होतो, तो हिरड्यांना धरतो. हा जाड कण मला आवडतो, जोवर त्याच्या आत फळ जिवंत आहे. फळ संपलं आणि नुसता कोरडेपणा मागे राहिला तर ती वाईन कणखर नाही, ओकीबोकी आहे.

तिसरा घोट हवा तर गिळा. घशात जळजळ झाली तर अल्कोहोल जास्त आहे किंवा वाईन गरम आहे. मागे काय राहतं आणि किती वेळ, ते मनात मोजा. इथेच ओकच्या ग्लासाकडे वळा. क्रियान्साच्या शेवटी गोडसर, भाजलेला स्वाद रेंगाळतो. रांजणातल्या वाईनच्या शेवटी फळ आणि आंबटाई उरते, आणि तोंड पुढचा घास मागतं.

गावरान की बिघडलेली?

रांजणातली वाईन अनेकदा कमीत कमी गंधकात (वाईन टिकावी म्हणून तो घालतात) केली जाते, आणि सच्छिद्र भिंत स्वच्छ ठेवणं स्टीलपेक्षा अवघड. त्यामुळे दोष येण्याची शक्यता इथे खरोखर जास्त असते. वाईनकाराबद्दल आदर असावा, पण त्यासाठी नाक बंद करू नये.

सगळ्यात आधी शिरक्याची आंबटाई. अ‍ॅसिटिक आम्ल प्रत्येक वाईनमध्ये थोडं असतंच. साधारण ०.७ ग्रॅम प्रति लिटरच्या आसपास बहुतेकांना ते कळू लागतं, आणि युरोपीय नियमांत रेडसाठी वरची मर्यादा १.२ ग्रॅम आहे. म्हणजे कायद्यात बसणारी वाईनही शिरक्यासारखी लागू शकते. थोडं असेल तर फळ उजळतं, हे मान्य. पण त्याच्या जोडीला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला की माझ्या लेखी विषय संपला. तो इथिल अ‍ॅसिटेट. त्याच्यापुढे फळ टिकत नाही.

मग ब्रेट, म्हणजे ब्रेटानोमायसिस हे यीस्ट. त्याचे वास घोड्याच्या तबेल्याचे, घामट चामड्याचे, जखमेवरच्या चिकटपट्टीचे. काहींना हेच गावरानपणाचं लक्षण वाटतं. माझी कसोटी साधी आहे. वास घेतल्यावर द्राक्षाचा प्रदेश किंवा जात आठवते का? चामड्याची छटा फळामागे राहिली तर प्या. चिकटपट्टीशिवाय काहीच कळत नसेल, तर ती वाईन स्पेनची असो की आणखी कुठली, सगळ्या ब्रेटवाल्या वाईनसारखीच लागेल. मग रांजणाचा उपयोग काय झाला?

तिसरा दोष सगळ्यात फसवा. इंग्रजीत त्याला उंदरावरून नाव आहे. ग्लासात वास नसतो, तोंडात असतानाही नसतो. गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी घशामागून उंदराच्या पिंजऱ्याचा, शिळ्या पोह्यांचा वास उठतो. वाईनच्या आंबटाईत ही द्रव्यं उडत नाहीत. लाळेत मिसळून आंबटाई कमी झाली की उडतात. यातलं एक द्रव्य, २-असिटिल-१-पायरोलिन, आंबेमोहोर आणि बासमती तांदळाच्या सुवासातलंही मुख्य द्रव्य आहे. भाताच्या वाफेत जे हवंहवंसं वाटतं ते इथे इतर तशाच द्रव्यांच्या संगतीनं नकोसं होतं. काही लोकांना हा दोष अजिबात कळत नाही, म्हणून शेजाऱ्याला कळला आणि तुम्हाला नाही तर त्याला खोटं ठरवू नका. संशय आला तर थोडी वाईन मनगटावर चोळून वास घ्या. त्वचेवर ती आंबटाई उतरते आणि दोष वर येतो.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास म्हणजे बुचाचा दोष. त्याचा रांजणाशी संबंध नाही. दुकान जवळ असेल तर बाटली परत करा. चिरून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आणि फळाचा अभाव म्हणजे हवेनं जिंकलेली वाईन.

घड्याळ हा सगळ्यात चांगला परीक्षक

आता उरलेली वाईन ग्लासातच राहू द्या आणि अर्ध्या तासानं, मग दीडएक तासानं पुन्हा चाखा. बाटलीतली थोडी दुसऱ्या दिवसासाठी बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. गावरान वाईनबद्दल शेवटचा निकाल मी दुसऱ्या दिवशीच देतो.

कारण प्रत्येक गोष्ट हवेत वेगळी वागते. कुजक्या अंड्याचा, काडीचा वास बहुतेक वेळा अर्ध्या तासात उडून जातो आणि खालून फळ वर येतं. आता डिकँटर वापरा, आता तो उपयोगी आहे. टॅनिनही थोडं सैल वाटू लागतं. शिरक्याचा वास मात्र जात नाही. बुचाचा दोष वेळ जाईल तसा जास्त ठळक होतो. उंदराचा दोष तर उघड्या बाटलीत वाढतच जातो. म्हणून पहिल्या ग्लासाला निर्दोष वाटलेली कमी गंधकाची वाईन दुसऱ्या ग्लासाला नकोशी झाली, तर दोष तुमच्या जिभेचा नाही.

निरोगी बोबाल किंवा मोनास्त्रेल दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त चांगली लागते. आदल्या रात्री मूठ आवळून बसलेलं फळ आता मोकळं असतं, खरखर तीच पण लयीत. तसं झालं तर समजा की तुमच्या हाती नुसती गावरान नाही, चांगली गावरान वाईन आली आहे. गार्नाचा आणि मांदो यांच्याकडून ही अपेक्षा इतकी ठेवू नका. त्यांचा सुगंध पहिल्या संध्याकाळीच भरात असतो.

ताटाबरोबर

या वाईन ताटासाठीच केल्या गेल्या. नुसती चाखून उठलात तर अर्धीच ओळख झाली. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे हिरड्यांवरची पकड सुटते. ला मांचामध्ये मेंढीच्या दुधाचं मांचेगो चीज, शिकारीच्या मांसाचं आणि यकृताचं घट्ट मोर्तेरुएलो, आणि ‘गाचास’ नावाचं दाट पिठलं असतं. हे पिठलं आल्मोर्ता नावाच्या कडधान्याच्या पिठाचं, म्हणजे पूर्व विदर्भात जिला लाखोळी म्हणतात तीच डाळ. एस्त्रेमादुरात पिताराबरोबर हॅम, मिगास म्हणजे तेलात परतलेला शिळ्या पावाचा चुरा, आणि ला वेराची धुरावर वाळवलेली लाल मिरची पूड घातलेलं सॉसेज.

आपल्या स्वयंपाकघरात एक नियम पाळा. तिखट टॅनिनला आणि अल्कोहोलला दोघांनाही चिथावतं. तांबड्या रश्शाबरोबर बोबाल प्यायलात तर दोन्हींवर अन्याय. त्याऐवजी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं कमी मिरचीचं भरीत आणि ज्वारीची भाकरी, पांढऱ्या रश्शातलं मटण, किंवा तूप-मिरीवर परतलेलं सुकं मटण घ्या. भरताच्या धुरकट वासाशी मोनास्त्रेलची चांगली गट्टी जमते. गोड चटण्या आणि गूळ घातलेल्या भाज्या टाळा, वाईन त्यांच्यापुढे कडू लागते. हलकी मांदो किंवा गार्नाचा थोडी जास्त गार करून, १३ अंशांच्या आसपास, मसालेदार जेवणाशी थोडंफार जुळवून घेते.

नोंद ठेवताना

जांभूळ की करवंद यापेक्षा तीन गोष्टी लिहा: टॅनिनचा कण बारीक की जाड, दुसऱ्या दिवशी फळ होतं की नव्हतं, आणि दोषाची शंका आली असेल तर ती हवेत वाढली की विरली. सोबत द्राक्ष, गाव, साल आणि रांजणाला अस्तर होतं का, हे कळेल तेवढं. मातीत आंबवून मग स्टीलमध्ये ठेवलेली, आणि मातीतच सालींसकट महिनोन्‌महिने राहिलेली, या दोन वाईन फार वेगळ्या असतात. हा फरक लिहिला नाही तर पुढच्या बाटलीशी तुलना करता येणार नाही.

स्पेनला जाण्याचा योग आला तर रेकेना गावाखालची ‘कुएवास दे ला विया’ ही तळघरं बघा. तिथे जुने तिनाखे जागेवरच उभे आहेत. वायनरीत गेलात तर थेट रांजणातून काढलेली आणि बाटलीतली, अशा दोन्ही वाईन शेजारीशेजारी द्यायची विनंती करा. रांजणातली जास्त दांडगी, कधी थोडी गॅसवाली असेल. बाटलीत गेल्यावर काय निवळतं ते तिथे कळतं.

बाटली संपवताना शेवटचं दोन-तीन बोटं साकावालं ओतू नका. ते गाळून मटणाच्या रश्शात किंवा कांद्याच्या दाट सॉसमध्ये घाला आणि मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा. शिरक्याकडे झुकलेली वाईनही मॅरिनेटला चालते. बुचाचा किंवा उंदराचा दोष असलेली मात्र मोरीत ओता. शिजवून तिचा वास जाईलच याची खात्री नाही, आणि ती सबंध भाजी घेऊन बसेल.